यावलचे सगळे एका ठिकाणी

ती पहिल्यांदा आमच्याकडे असोद्याला आली ती भरीत खायला. थंडीचे दिवस होते, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. ती माझ्या वर्गातली, धुळ्याची. जळगावात कॉलेजच्या वसतिगृहात राहायची. मी मात्र रोज असोद्याहून बसने जाऊन-येऊन करायचे. मेसच्या जेवणाला ती इतकी कंटाळलेली असायची, की मी डबा उघडला की माझ्याआधी तिचाच हात आत जायचा. शेवटी मीच म्हटलं, रविवारी सरळ घरीच चल. आईने त्या दिवशी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली आणि लाकडी बडगीत ठेचली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. ती स्वयंपाकघरात खालीच मांडी घालून बसली आणि हाताला चटके बसत असतानाही खात राहिली. आईला असं खाणारं माणूस फार आवडतं.

मग ती दर रविवारीच यायला लागली. माझ्या वडिलांना मी नाना म्हणते, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तीही नाना म्हणू लागली. आईला मावशी. कधी कधी त्या दोघींच्या गप्पा इतक्या रंगायच्या की मी उठून ओट्यावर अभ्यासाला जाऊन बसायचे, आणि त्यांना ते कळायचंही नाही.

तिचं आणि माझं जमण्याचं एक कारण असं होतं की आम्ही एकमेकींच्या उलट होतो. ती धुळ्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, बोलायला चटपटीत, वर्गात कुणाचीही भीड नाही. मी गावातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत होते. सरांनी प्रश्न विचारला की उत्तर मला यायचं, पण त्याचं इंग्रजी वाक्य मनात जुळवून होईपर्यंत प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असायचा. तिला हे लवकरच कळलं. मग ती हात वर करून सांगायची, "सर, हिला माहीत आहे." सगळे माझ्याकडे बघायचे आणि मला बोलावंच लागायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यामुळे हे खोटं होत नाही. त्या वर्षांत माझ्यासाठी असं कुणीच केलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आमच्या एका सरांनी एक प्रश्न दिला. अक्षरांची एक लांबच लांब ओळ आहे, मधे जागा नाही, विराम नाही. त्या ओळीत एकापेक्षा जास्त ठिकाणी जसाच्या तसा आलेला सर्वांत लांब तुकडा शोधायचा. सरांनी सांगितलं की याचे उपयोग पुष्कळ आहेत. एकाच्या प्रबंधातला मजकूर दुसऱ्याने उचलला का ते पाहायचं असो, फाईल लहान करायची असो, नाहीतर पेशीतल्या जनुकांची ओळ तपासायची असो, प्रश्न शेवटी हाच.

आम्ही सगळ्यांनी तो सरळ पद्धतीने सोडवला. पहिल्या अक्षरापासून निघायचं, दुसऱ्या अक्षराशी ताडून पाहायचं, मग तिसऱ्याशी, मग चौथ्याशी, आणि कुठे जुळलं तर किती अंतर जुळत जातं ते मोजायचं. मग दुसऱ्या अक्षरापासून पुन्हा तेच. लहान ओळीला हे चालतं. सरांनी मग त्यांची मोठी फाईल दिली, आणि लॅबमधले सगळे कॉम्प्युटर अडकून बसले. पंख्यांचा आवाज वाढत गेला आणि पडद्यावर काहीच येईना. सर हसले. म्हणाले, पुस्तकात याचं उत्तर आहे, पण पुस्तक उघडायच्या आधी थोडं डोकं चालवून बघा.

मी ते डोक्यात घेऊन बसमधून घरी आले आणि पुढचे कित्येक दिवस ते डोक्यातच होतं. जेवताना आई दोनदा काहीतरी विचारायची आणि मला ऐकूच यायचं नाही.

त्याच सुमारास नानांनी आईला नवीन फोन घेतला. तिला नंबर भरून हवे होते. मी नावं घालायला लागले तर तिने थांबवलं. आमच्या नात्यात एकेका नावाची चार-चार माणसं आहेत, नावाने तिला काही सापडणार नव्हतं. म्हणाली, आधी गाव घाल. म्हणून मी 'यावल मामा', 'यावल मावशी', 'यावल मावशीची सून', 'भुसावळ आत्या' असं घालत गेले. सगळं झाल्यावर फोन तिच्या हातात दिला. ती अंगठ्याने यादी वर सरकवत राहिली आणि समाधानाने म्हणाली, "हे बरं झालं. यावलचे सगळे एका ठिकाणी आले."

मी जिथे होते तिथेच थांबले. मी तर नंबर कसेही भरले होते, यावलचा एक आधी, मधे भुसावळ, मग पुन्हा यावलचा. फोनने ते अक्षरांच्या क्रमाने लावले, आणि ज्यांची सुरुवात सारखी ते आपोआप शेजारी शेजारी येऊन बसले. त्यांना कुणी शोधायला गेलं नव्हतं.

मी वही घेऊन ओट्यावर बसले. नाना अंगणात कुणाशी तरी केळीच्या कटाईबद्दल बोलत होते, म्हणून मी पहिला शब्द घेतला तो 'बनाना'. त्याच्या प्रत्येक अक्षरापासून शेवटपर्यंतची शेपटी लिहिली. पहिली 'बनाना', दुसरी 'नाना', तिसरी 'ना'. मग त्या शब्दकोशासारख्या क्रमाने लावल्या, तेव्हा 'ना', 'नाना', 'बनाना' असं झालं. पहिल्या दोन शेजारणींची सुरुवात सारखी होती, आणि 'ना' हाच त्या शब्दात दोनदा आलेला तुकडा. प्रत्येकीला प्रत्येकीशी ताडायची गरजच नव्हती. सगळ्या शेपट्या क्रमाने लावायच्या आणि फक्त शेजारणी-शेजारणींची तोंडं जुळतात का ते बघायचं. मी आनंदाने मोठ्यांदा वाचत होते, "नाना, ना, नाना," आणि अंगणातून नानांनी विचारलं, "काय वं?" मी सांगितलं, तुम्हाला नाही, केळीला.

एक अडचण उरली होती. मोठ्या ओळीच्या सगळ्या शेपट्या खरोखर लिहून काढल्या तर कॉम्प्युटरची जागाच पुरणार नाही. ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुचलं. शेपट्या लिहायच्याच नाहीत. प्रत्येक शेपटी कुठून सुरू होते तेवढा आकडाच ठेवायचा, आणि ते आकडेच क्रमाने लावायचे. त्या दुपारी लॅबमध्ये सरांची मोठी फाईल चालवली तर मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत उत्तर आलं होतं.

ती माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि सरांना हाक मारली. सरांनी पाहिलं, म्हणाले, पद्धत जुनी आहे, पुस्तकांत आहे, पण तू आपली आपण तिथवर आलीस. मग त्यांनी ती फळ्यावर सगळ्यांना शिकवली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. पद्धत माझी नव्हतीच. माझी होती ती एवढीच, की मला ती आईच्या फोनमुळे सुचली. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. तिला ते इतकं आवडलं होतं की पुढच्या रविवारी आल्या आल्या तिने आईचा फोन मागून घेतला आणि यावलची ती सगळी नावं सरकवून पाहिली.

शेवटच्या वर्षी धुळ्याच्या एका कॉलेजात पुण्याची एक कंपनी मुलाखतींना येणार होती, आजूबाजूच्या सगळ्या कॉलेजांसाठी मिळून. सकाळी लवकर हजर राहायचं होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच तिच्या घरी देवपूरला गेले. तिच्या आई घरात अहिराणीच बोलतात. मी दारात चप्पल काढते न काढते तोच म्हणाल्या, "ये माय, बठ्ठं तयार शे, आधी जेवी ले." जेवण झालं, ऊन उतरलं, आणि आम्ही दोघी गच्चीवर गेलो.

गच्चीवर तिने माझी मुलाखत घेतली. ती खुर्चीवर साहेब होऊन बसली, मी समोर. मी पद्धत सांगितली तर तिने मान हलवली. म्हणाली, पद्धत तर सगळेच सांगतील. कसं सुचलं ते सांग. त्यांना तेच ऐकायचं असतं. आईच्या फोनचं सांग. मी सांगायला लागले की अडखळायचे, इंग्रजीत 'अंगठ्याने सरकवत होती' याला काय म्हणायचं तेच येईना. मग तिने मला वाक्यं करून दिली. साधी, छोटी वाक्यं. पहिलं वाक्य आईबद्दल, मग गावांची नावं आधी घातल्याचं, मग यावलचं, आणि मग थोडं थांबून, तेव्हा माझ्या लक्षात आलं की. ती म्हणायची आणि मी मागून म्हणायचे. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, तेसुद्धा तिने सांगितलं. खाली तिच्या आईने दिवा लावला तोवर मला ते पाठ झालं होतं. तिलाही झालं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी लेखी परीक्षा झाली, आम्ही दोघीही त्यातून पुढे गेलो. मुलाखतीला तिचा नंबर माझ्या बराच आधी होता. ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. कशी झाली विचारलं तर बरी झाली म्हणाली. काय विचारलं म्हटलं तर इकडचं तिकडचं, आणि पाण्याची बाटली घेऊन ती लांबच्या बाकावर जाऊन बसली. मला वाटलं, दमली असेल.

आत दोघे होते. एक वयस्क, केस पिकलेले, एक तरुण. तरुणाने इंग्रजीत विचारलं की लांब ओळीतला दोनदा आलेला तुकडा लवकर कसा शोधशील. मला हसूच फुटलं. मी पद्धत सांगितली, कागदावर लिहून दाखवली. ओळ फार लांब असेल तर जागा कशी पुरणार, असं त्याने विचारलं, तेही सांगितलं. मग त्याने मान डोलावून विचारलं, हे पाठ केलंस की समजलं? मी म्हटलं, समजलं. आणि मी आईच्या फोनची गोष्ट सुरू केली. एकही शब्द अडला नाही. जिथे थांबायचं तिथे थांबले.

यावलचं नाव येताच तरुणाने पेन खाली ठेवलं आणि वयस्क साहेबांकडे बघितलं. मी वाक्य पूर्ण केलं. मग वयस्क साहेब मराठीत म्हणाले, "ही गोष्ट आम्ही आज सकाळी ऐकली आहे. याच शब्दांत. यावलसुद्धा."

मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. मला वाटलं, तिने आत जाऊन माझं कौतुक केलं, नेहमी वर्गात करायची तसं. मी म्हटलं, हो सर, ती माझी मैत्रीण आहे, तिने माझ्याबद्दल सांगितलं असेल.

"नाही," साहेब म्हणाले. "तिने तिच्या आईबद्दल सांगितलं."

तरुणाने दार उघडून तिला आत बोलावलं. ती आली आणि दाराशीच उभी राहिली, एक हात कडीवर. साहेबांनी तिला विचारलं की ही मुलगी तुझीच गोष्ट सांगते आहे, हे कसं काय? तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण तिचा आवाज मऊ होता, वर्गात माझ्यासाठी बोलताना असायचा तसाच.

"सर, तिला दोष देऊ नका. काल तयारी करताना मीच तिला सांगितलं होतं. ती खूप मेहनती आहे. प्लीज, तिला यावरून काढू नका."

तिने सरळ माझ्यावर आरोप केला असता तर कदाचित मी भांडले असते. ती माझी बाजू घेत होती. तिच्या तोंडून बाहेर पडलेल्या त्या चांगुलपणाला कुठून हात घालायचा हे मला कळेना. मी म्हटलं, "सर, फोन माझ्या आईचा आहे." ते मराठीत म्हटलं, आणि फार हळू म्हटलं. त्यापुढे इंग्रजीत काही बोलायला गेले तर माझ्याजवळ जी वाक्यं होती ती सगळी तिची होती.

पुढे कितीतरी दिवस मला सुचत राहिलं की काय काय म्हणता आलं असतं. माझ्या आईला आत्ता फोन लावा. आमच्या सरांना विचारा. हिला विचारा, यावलला हिचं कोण राहतं. त्या खोलीत यातलं एकही सुचलं नाही. वयस्क साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले की तुमची तयारी चांगली आहे, पण दुसऱ्याचा अनुभव आपला म्हणून सांगायचा नसतो, हे आयुष्यभर लक्षात ठेवा. मी थँक्यू म्हणून बाहेर आले. थँक्यू म्हटल्याचं मला अजून आठवतं.

संध्याकाळी निवडलेल्यांची नावं वाचून दाखवली. तिचं होतं. माझं नव्हतं.

सायकल स्टँडच्या मागे कडुलिंबाची झाडं होती, तिथे मी तिला गाठलं. असं का केलंस, एवढंच विचारलं. ती रडायला लागली. म्हणाली, ठरवून नाही केलं. त्यांनी विचारलं कसं सुचलं, आणि तिला काही सांगता येईना, तर तोंडातून तेच निघालं, आणि एकदा निघाल्यावर मागे कसं घेणार. मी म्हटलं, मला आत बोलावल्यावर तरी घेता आलं असतं. त्यावर डोळे पुसून ती म्हणाली, "तुझं काय, तुला पुन्हा काहीतरी सुचेल. मला नाही गं सुचत."

ती ज्या पद्धतीने हे म्हणाली त्यात मत्सर नव्हता. ते तिला खरोखरच तसं वाटत होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला निघाले होते, इतकी मला तिची सवय होती. मग तो हात मी मागे घेतला.

माझी बॅग तिच्या घरी होती. त्यामुळे मला तिच्याबरोबर घरी जावंच लागलं. आम्ही एका रिक्षात बसून गेलो. तिच्या आईला बातमी कळली होती. त्यांनी दारातच आम्हा दोघींच्या हातावर साखर ठेवली आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुन्हं बी व्हई जाई, माय." मी ती साखर खाल्ली. त्या बाईंनी माझं काय वाईट केलं होतं? जेवायला मात्र थांबले नाही. बॅग घेतली आणि स्टँड गाठला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, जळगाव आलं तरी मला रडू आलं नव्हतं. असोद्याच्या बसमध्ये बसले तेव्हा आलं. शेजारच्या बाईने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेऊन मला खिडकीची जागा दिली.

घरी मी एवढंच सांगितलं की माझं झालं नाही, तिचं झालं. आईला माझ्यासाठी वाईट वाटलं, पण तिच्यासाठी आनंदही झाला, आणि तिने लगेच तिला फोन लावला. आईला फोन कानाला लावायची सवय नाही, ती स्पीकरवरच बोलते. मी समोर बसून ऐकत होते. आईने अभिनंदन केलं, रविवारी ये म्हणाली. पलीकडून तिचा आवाज आला, "मावशी, तुमच्यामुळेच झालं हो."

आई हसून म्हणाली, माझ्यामुळे काय झालं, तुझी हुशारी. मला वाटतं, त्या सगळ्या दिवसात माझी मैत्रीण बोललेली खरी गोष्ट तेवढी एकच, आणि ती ज्या माणसाला सांगितली त्याला कळलीच नाही. मी उठून फोन बंद केला आणि आई-नानांना सगळं सांगितलं.

आईने आधी मानलंच नाही. ती असं कसं करेल, काहीतरी गैरसमज असेल. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नाना ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मंग तू तिथं बोलली काऊन नही?" त्यांच्या मनात राग माझ्यावर नव्हता, पण हा प्रश्न मला त्या मुलाखतीपेक्षाही जास्त लागला. आई मात्र भलत्याच ठिकाणी अडकली होती. नोकरीचं तिला फारसं काही नव्हतं, नोकऱ्या काय, येतात. ती सारखी एकच म्हणत होती, "माझा यावलचा भाऊ तिच्या माईचा भाऊ कसा झाला?" बोलता बोलता तिने डोळ्याला पदर लावला. या मुलीला तिने स्वतःच्या हाताने वाढलं होतं, तिच्या डोक्याला तेल लावून दिलं होतं, आणि त्याच मुलीने तिला तिच्या स्वतःच्या गोष्टीतून काढून टाकलं होतं. तिथे कुणी दुसरीच बाई बसवली होती.

उरलेले काही महिने मी बाक बदलून बसले. वर्गात कुजबुज झाली. तिची निवड झाली म्हणून ही बोलत नाही, असं मुलं-मुली म्हणायला लागले. मी दोघी-तिघींना खरं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या नजरेत जे दिसलं त्यानंतर मी सांगणं सोडलं. हरलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर. एकजण तर म्हणाली, पण तिने तुझ्यासाठी साहेबांना विनवलं ना? म्हणजे तेही कॉलेजपर्यंत पोचलं होतं, आणि कुणी पोचवलं असेल ते उघड होतं.

मला पुढे जळगावातच काम मिळालं, ठिबक सिंचनाच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, शेतातून आलेले आकडे कसे लावायचे, असले प्रोग्रॅम मी लिहिते. काम मला आवडतं. ती पुण्याला गेली. तिचे मेसेज सुरुवातीला यायचे, वाढदिवसाचे, सणाचे. मी उत्तर दिलं नाही.

मग मागच्या वर्षी तिचा फोन आला. लग्न ठरलं होतं, सोनं घ्यायला ती जळगावला येणार होती, बरोबर होणारा नवरा होता. भेटशील का म्हणाली. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला ठाऊक आहे. मला वाटलं, लग्नाआधी माणूस मागचं निस्तरतं, ती काहीतरी बोलेल.

सराफ बाजाराजवळच्या एका रसवंतीत आम्ही बसलो. तो मुलगा सभ्य होता, तिच्याच ऑफिसातला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "हिच्या आईच्या फोनची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. नवीन मुलं आली की ट्रेनिंगला हिलाच ती सांगायला लावतात."

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती खाली बघेल, ग्लासशी चाळा करेल, काहीतरी. ती माझ्याकडेच बघत होती आणि हसत होती. म्हणाली, हो ना, आणि आई काय म्हणाली माहितीये, यावलचे सगळे एका ठिकाणी आले. तिने ते माझ्याचकडे बघून सांगितलं, जणू मी पहिल्यांदाच ऐकते आहे. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेशही नव्हता. इतकी वर्षं, इतक्या मुलांना सांगून सांगून ती गोष्ट तिची झाली होती. ती खोटं बोलत होती असंही मी आता छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

मी विचारलं, "यावलला तुमचं कोण असतं?"

"मामा," ती पटकन म्हणाली. मग थोडी थांबली. "म्हणजे आईचे, लांबचे."

"तो माझा मामा आहे," मी त्या मुलाला सांगितलं. "आणि फोन माझ्या आईचा होता."

हे वाक्य मला त्या दिवशी धुळ्यात बोलायचं होतं तेवढ्या आवाजात मी बोलले. तो आधी हसला, त्याला ती आमची जुनी थट्टा वाटली. मग माझ्याकडे पाहून त्याचं हसू गेलं आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, अगं, आपण दोघींनी मिळूनच तर केलं होतं ना ते सगळं. तो लगेच हो हो म्हणाला, मैत्रिणींचं असंच असतं म्हणाला, आणि त्याने बिल मागितलं. त्याला ते तिथेच मिटवायचं होतं. मला त्याचा राग आला नाही. उद्या त्याला तिच्याबरोबर संसार करायचा होता.

मी ऑफिसला परत जायचंय असं सांगून उठले. लग्नाला गेले नाही. आईनेही जायचं नाव काढलं नाही.

बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. माझं जे गेलं ते नोकरीपेक्षा वेगळंच आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं. आमच्या ऑफिसात नवीन मुलं-मुली येतात. एखादं काम मी झटकन सोडवलं की विचारतात, मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं? मी सांगते, पुस्तकात आहे, आणि त्यातल्या त्यात जवळचं एखादं पान काढून देते. बहुतेक वेळा ते पुस्तकात नसतं. कधी शेतात उभं असताना सुचलेलं असतं, कधी भाजी निवडताना. पण ते मी सांगत नाही, पुस्तकच पुढे करते.

गेल्या पावसाळ्यानंतर शेतांतून येणाऱ्या आकड्यांत मला एक गंमत दिसली. शेताला रोज सारखं पाणी लागत नसतं, आणि तरी काही शेतांचे आकडे त्यांच्याच जुन्या आकड्यांशी लांबच लांब जसेच्या तसे जुळत होते. सेन्सर बिघडला की तो जुनेच आकडे पुन्हा पुन्हा पाठवतो, हे त्यावरून पकडता येतं. मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन हातपाय धुवायच्या आधी आईला सांगायला बसले. ती शेंगा सोलत होती. तिला सगळं कळलं असं नाही, पण तिने शेंगा बाजूला ठेवून पूर्ण ऐकून घेतलं, मधेच एक-दोन प्रश्नही विचारले. माझं सांगून झालं. मग ती पुढे वाकली आणि घरात आमच्या दोघींशिवाय कुणी नसतानाही आवाज खाली आणून म्हणाली, "हे अजून कोणाले सांगितलं नही ना?"

मी म्हटलं, नाही. तिने मान हलवली आणि शेंगा पुढे ओढल्या.